वाघळांचा नकाशा

तांबडा ठिपका मोहरीच्या दाण्याएवढा होता. शाई ओली असताना कागद किंचित सरकला असावा, कारण ठिपक्याच्या उत्तर कडेला केसाएवढी रेघ बाहेर आली होती. देवीदासने भिंगातून ती रेघ पाहिली, चाकूच्या टोकाने हलकेच खरवडली आणि ती जागा नखाने घोटून गुळगुळीत केली. ठिपका नाल्याच्या वळणाच्या आतल्या बाजूस, जिथे असायला हवा तिथेच होता.

देवीदास अकोल्यात मोजणी खात्यात नकाशे काढण्याचे काम करीत असे. मूळचा वलगावचा, शिक्षण अमरावतीच्या शाळेत. साल १८६४ चे. दूर अमेरिकेत लढाई पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी महत्त्व आले होते. शेतामागून शेत मोजले जात होते. खात्यातल्या साहेबाला मात्र शेतांखेरीज आणखी एक नाद होता. कोणत्या जातीचे वाघूळ कोणत्या मुलखात राहते, हे त्याला नकाशावर पाहायचे होते. ते काम त्याने देवीदासवर सोपवले. फळे खाणाऱ्या मोठ्या वाघळांसाठी तांबडा ठिपका, जुन्या दगडी इमारतींत राहणाऱ्या लांब शेपटीच्या पाकोळ्यांसाठी, म्हणजे लहान वाघळांसाठी, काळा, घरांच्या वळचणीला लपणाऱ्या इवल्या पाकोळ्यांसाठी निळा.

सुरुवातीला देवीदासला हे काम पोरखेळ वाटले. ठिपके वाढत गेले तसे त्याचे मत बदलले. काळे ठिपके नरनाळ्याच्या किल्ल्यावर आणि जुन्या पडक्या इमारतींपाशी गोळा झाले होते. तांबडे ठिपके पाण्यापासून कधी दूर गेले नव्हते, आणि प्रत्येक तांबड्या ठिपक्याखाली एखादे म्हातारे, मोठे झाड होते. कोणी हद्दीचे दगड रोवले नसताना प्रत्येक जात आपापल्या मुलखात राहत होती.

त्याची बायको रुख्मिणी या कामाची रोज थट्टा करायची. "त्या सायबाले घरी बायको नाई काय? वाघळं मोजाले कोनं लावलं त्याले?" असे तिचे ठरलेले बोलणे. आज ती आली ती दारातच उभी राहिली. चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"तो ठिपका आमच्या चिंचखेडचा हाये ना?"

"हो. पार्बताबाईच्या मळ्यातला वड."

"पुसून टाका त्याले."

देवीदासने भिंग खाली ठेवले. "काहून?"

"माहेरची गाडी आली हाये कापूस घेऊन. गावात मरी आली म्हणतात. चंद्रभानकाकाचा पोरगा महादू एका रातीत हगवण-ओकारीनं गेला. आन् गाव म्हणते, मरी पार्बताबाईनं आणली. तिच्या वडावर वाघळं आली, मागून मरी आली. तुमी गेल्या हिवाळ्यात चावडीवर बसून तिच्या मळ्यावर लाल खूण केली ना, थे साऱ्यायनं पाहिली. मोजणीवाल्यानं खूण केली म्हणजे सरकारालेही ठाव हाये, असं बोलून राहिले लोक."

देवीदासला ती दुपार आठवली. लोक खांद्यावरून वाकून पाहत होते. हा रंग कशाचा, तो रंग कशाचा, असे विचारत होते आणि तो हौसेने सांगत होता. मोजणीच्या कागदावर रेघ पडली की शेताचा बांध कायमचा ठरतो, हे त्या लोकांनी त्याच वर्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. मग कागदावरची खूण म्हणजे निवाडा, असे त्यांना वाटले तर नवल ते काय?

"येत्या मंगळवारी मरीमायचा गाडा काढून राहिले," रुख्मिणी म्हणाली. "भगताच्या अंगात आलं. त्यानं वडाकडं हात केला. म्हणे, जिच्या झाडावर मरीची पाखरं, तिनंच गाडा शिवेपार ओढत न्यावा."

देवीदास उठून उभा राहिला. ही चाल त्याला ठाऊक होती. लाकडाचा लहान गाडा करायचा, त्यात लिंबाचा पाला, खण आणि बांगड्या ठेवायच्या, आणि वाजतगाजत तो शिवेपलीकडे, शेजारच्या गावाच्या जमिनीत सोडून यायचा. मरी गाड्यात बसून निघून जाते, अशी समजूत. शेजारचे गाव आपल्या शिवेवर काठ्या घेऊन उभे असते. गाडा ढकलणारे तो टाकून धावत परत येतात. ज्याला परत येऊ द्यायचे नाही असा माणूस गाड्याबरोबर गेला, तर त्याला दोन्ही बाजू बंद.

"मामाजी काय म्हणतात?" त्याने विचारले. रुख्मिणीचे वडील खुशालराव चिंचखेडचे पाटील होते. त्यांच्या शब्दाशिवाय गाडा निघणार नव्हता.

"बाबा?" रुख्मिणी कडवट हसली. "बाबा म्हणतात, पाहू."

"ठिपका पुसला तरी वाघळं वडावरच राहतील, रुख्मिणी."

"मंग चला. आन् तिथं जाऊन जवाई म्हणून पान खात बसू नका."

*

हिवरखेडकडून येणारा गाडीरस्ता कापसाच्या गाड्यांनी भरून गेला होता. दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकले होते. जागोजाग नाल्याकाठी गाड्या सोडलेल्या, बैल पाण्यात, माणसेही त्याच पाण्यात. चिंचखेडात शिरताना मात्र रस्त्यावर कोणी नव्हते. दारादाराला लिंबाचे डहाळे बांधलेले होते.

देवीदासने रुख्मिणीला घरी सोडले आणि तो आधी मळ्यात गेला.

पार्बताबाई विहिरीजवळ वांग्यांच्या वाफ्यात बसली होती. माळ्याची विधवा. साऱ्या गावाला भाजी पुरवणारी बाई. वांगी झाडावरच पिकून पिवळी पडली होती, कारण कोणी विकत घेत नव्हते. मागे वडाच्या फांद्यांवर शेकडो वाघळे उलटी लटकली होती. एखादे पंख उघडून वारा घेई, पुन्हा मिटून घेई.

"आले काय ठिपकेवाले?" ती मान वर न करता म्हणाली.

"पार्बताबाई, माझ्यामुळे..."

"तुमच्यानं काई नाई झालं. तुमी जे हाये थे लिवलं. माह्या वडावर वाघळं हायेत, मी कुठं नाई म्हणतो?" तिने एक पिवळे वांगे तोडून बांधावर फेकले. "दोन उन्हाळ्याआगुदर आली. थाळी बडवली, धूर केला. जात नाईत तर काय मी वडावर चढून एकेकाचे पाय धरू?"

"तुम्ही आजच निघा. माझी गाडी उभी आहे. अकोल्याला आमच्याकडे राहा."

आता तिने वर पाहिले. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज हलत नव्हता.

"मी गेली तर खरं ठरन. म्हणतील, पळाली. मंग हा मळा कोनाचा? माह्या नवऱ्यानं ह्या विहिरीचा दगडन् दगड काढला, जवाईबुवा. आन् महादूले मी हातानं गाजरं खाऊ घातली. त्याच्या मरणाचा डाग घेऊन कोठी जाऊ मी?"

देवीदास परत फिरला.

*

पाटलांच्या ओसरीवर खुशालराव आणि त्यांचा धाकटा भाऊ चंद्रभान बसले होते. चंद्रभानने जावयाला रामराम केला नाही. त्याने दाढी केली नव्हती, आणि समोर वाढलेल्या भाकरीला हातही लावला नव्हता. थोड्या वेळाने तो उठून निघून गेला.

"मामाजी, पार्बताबाईला गाड्यामागे पाठवलं तर ती परत येणार नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाव हाये."

"मग तुम्ही नाही का म्हणत नाही?"

"म्हाताऱ्या पार्बतीवर माहा राग नाई, जवाईबुवा. पण चंद्रभाननं त्या पोराले आपल्या हातानं मसणात नेलं. तो म्हणते, वाघळांनं नेलं माहं पोरगं. त्याच्या तोंडावर मी नाई कसं म्हणू? म्हटलं तर भाऊ जाईन. गप राहिलो तर थे बाई जाईन." खुशालरावांनी उपरण्याने तोंड पुसले. "पाहू."

वाचकहो, या 'पाहू'ला आपण सगळे ओळखतो. वाईट गोष्ट आपण स्वतः करीत नाही, म्हणून आपण निर्दोष आहोत, अशी आपली समजूत असते. खुशालराव दुष्ट नव्हते. ते फक्त गप्प होते, आणि त्या गप्प बसण्याच्या आधाराने गावात गाडा तयार होत होता.

देवीदास आतल्या खोलीत गेला आणि त्याने दोन्ही नकाशे पसरले, एक गेल्याच्या गेल्या वर्षीचा, एक यंदाचा. वाघळे कुठून आली? त्याला एवढेच शोधायचे होते. वाघूळ हवेतून निर्माण होत नाही. एका जागी नवी वस्ती दिसली, तर दुसरीकडची जुनी वस्ती मोडलेली असली पाहिजे. त्याने जुन्या नकाशावरच्या एकेका तांबड्या ठिपक्यावर बोट ठेवले आणि नव्या नकाशावर तो शोधला. एक सोडून सगळे जागच्या जागी होते.

पूर्णा नदीच्या काठी चिंचांचे एक जुने बन होते. जुन्या नकाशात तिथे सगळ्यात मोठा ठिपका होता. नव्या नकाशात तिथे कोरा कागद. आणि ते बन कोणाचे, हे देवीदासला चांगले माहीत होते. खुशालरावांनी कापसाचा पेरा वाढवण्यासाठी ते तोडायला सांगितले होते. चंद्रभानने महिनाभर तिथे मुक्काम करून ते तोडून घेतले होते.

सासूबाई, गोदाबाई, पाणी घेऊन आल्या तेव्हा तो कागदावर ओणवा झालेला होता. त्याने सगळे त्यांना सांगितले. "हे उद्या चावडीवर दाखवलं की झालं. वाघळं पार्बताबाईनं बोलावली नाहीत. ती तुमच्या बनातून आली."

गोदाबाई खाली बसल्या.

"म्हणजे मरी चंद्रभानभाऊजीनं आणली म्हणान."

"मी असं कुठं म्हणतो?"

"तुमी नाई म्हणणार. गाव म्हणन. आन् गावाच्या आगुदर थो स्वतः म्हणन." त्यांचा आवाज खाली गेला. "त्याच्याजवळ आता पोरगा नाई. दोष द्याले कोनीतरी हाये, एवढ्यावर थो जगून राहिला. एकीच्या डोक्यावरचं ओझं काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं, तर त्याले न्याय म्हणतात काय?"

देवीदास गोंधळला. या बाजूने त्याने विचारच केला नव्हता. नकाशा खरा होता, आणि तो खरा नकाशा उद्या एका माणसाला जगणे नकोसे करून टाकू शकत होता.

"मग काय करू? गप्प बसू?"

"गप बसाले घरात एक माणूस पुरे." त्यांनी ओसरीकडे पाहिलेही नाही. "मले सांगा, तुमच्या कागदावर वाघळं कोठी कोठी हायेत थे हाये. मरी कोठी कोठी हाये, थे हाये काय?"

"नाही. ते मी काढलंच नाही."

"मंग काढा ना. दोन्ही एका जागी असतील तर भगत खरा. नसतील तर खोटा. कोनाची लेक कोठी दिली, कोठून सुतकाचा सांगावा आला, हे ह्या गावातल्या बायांले सारं ठाव राहते. त्यायले विचारा. पण घरात बसून काढू नका. म्हणतील, पाटलिणीनं शिकवलं. चावडीवर, साऱ्यायच्या डोळ्यांपुढं काढा."

*

मंगळवारी सकाळी गाडा चावडीपुढे उभा होता. लिंबाच्या पाल्याखाली त्याची चाके झाकून गेली होती. हलगीवाला हलगी शेकत बसला होता. पार्बताबाईला दोघांनी मळ्यातून आणून पायरीवर बसवले होते. तिने धुतलेले लुगडे नेसले होते. शिवेपलीकडे, हिवरखेडच्या रस्त्याच्या बाजूला, शेजारच्या गावची माणसे झाडाखाली जमली आहेत, असा निरोप आला होता.

देवीदासने चावडीच्या ओट्यावर नकाशा पसरला आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

"आणला पाहा थो कागद," गर्दीतून कोणी म्हणाले. "ह्याच कागदावर सरकारनं तिचं नाव लिवलं."

"सरकारनं नाही, मी लिहिलं," देवीदास म्हणाला. "आणि तिचं नाव नाही, वाघळांचं. मला एवढंच विचारायचं आहे. मरी यंदा कुठं कुठं आहे, ते मला सांगा."

"जवाई हाये तुमी," चंद्रभान पुढे आला. त्याच्या हातात गाड्याचा दोर होता. "जवाईवानी राहा. गावकीत तोंड घालू नका."

सासुरवाडीच्या गावकीत जावयाने बोलू नये, ही रीत देवीदासला कळत होती. त्याने खुशालरावांकडे पाहिले. ते गाड्याच्या चाकाकडे पाहत होते.

"काकाजी, तुमचं म्हणणं खरं निघालं तर मी स्वतः दोर धरीन. मला फक्त गावांची नावं द्या."

मग मागून, बायांच्या घोळक्यातून, रुख्मिणीचा आवाज आला. "माह्या मावशीच्या गावी, मुंडगावले, मरीनं पाच घरं ओस पडली."

देवीदासने बाजूला पडलेल्या कापसाच्या बियांच्या ढिगातली एक सरकी उचलून मुंडगावावर ठेवली.

"अडगावले माही नणंद गेली," दुसरी एक म्हणाली.

"माह्या लेकीकडून तेल्हाऱ्याचा सांगावा आला."

एकदा सुरू झाल्यावर बाया थांबल्या नाहीत. प्रत्येकीच्या नात्याचे एक गाव होते, आणि त्या गावाच्या बातमीला एक चेहरा होता. काहींना सांगताना रडू फुटले. पुरुषही बोलू लागले. गाडीवानांनी वाटेतली गावे सांगितली. देवीदास सांगितलेल्या गावावर बोट ठेवून नाव मोठ्याने वाचायचा, सांगणारा होकार द्यायचा, मग तिथे सरकी पडायची. चंद्रभान दोर धरून उभा होता. शेवटी तोही वाकला. "महादूच्या मामाच्या गावीही," तो म्हणाला, आणि त्याने स्वतः हात लांब करून सरकी ठेवली.

"आता पाहा," देवीदास म्हणाला. "तांबडे ठिपके म्हणजे मोठी वाघळं. इथं, डोंगराच्या पायथ्याला तीन मोठ्या वस्त्या आहेत. सरकी आहे का?"

"नाई," जवळचा एक म्हातारा वाकून म्हणाला.

"या तळ्याकाठी?"

"नाई."

"मुंडगावला वाघळं आहेत का?"

"कुठली? झाडंच नाईत तिथं. सारी कपाशी."

गर्दी पुढे सरकली होती. वाघळे होती तिथे मरी नव्हती. मरी होती तिथे वाघळे नव्हती. साऱ्या कागदावर तांबडा ठिपका आणि सरकी एकत्र आली होती ती एकाच जागी, चिंचखेडला. त्या एका जागेवरून गावाने साऱ्या जगाचा नियम बांधला होता.

"मंग मरी आणते तरी कोन?" कोणी विचारले.

"मला माहीत नाही," देवीदास म्हणाला. "खोटं सांगणार नाही. कोण आणत नाही, एवढंच या कागदावरून दिसतं."

भगताने लिंबाचा पाला सारखा करायला घेतला. पार्बताबाईच्या बाजूला उभे असलेले दोघे थोडे मागे सरले. देवीदासला वाटले, आता संपले. तो नकाशा गुंडाळू लागला.

चंद्रभानने त्यावर हात ठेवला.

"थांबा. मंग थे आली कोठून? दोन साल आगुदर आपल्या गावात एक वाघूळ नव्हतं. सांगा ना. कागदात सारं राहते म्हणता, तर हेही असन."

देवीदासने गोदाबाईंकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. खोटे बोलणे सोपे होते. 'माहीत नाही' हे शब्द आत्ताच तो एकदा बोलला होता, आणि लोकांनी ते मानले होते. पण तेव्हा ते खरे होते.

"पूर्णेच्या काठून," तो हळू म्हणाला. "चिंचांच्या बनातून."

चंद्रभान कागदाकडे पाहत राहिला. त्याचे ओठ हलले.

"थे आमचं बन. मीच तोडलं." तो कोणाशीच बोलत नव्हता. "पहिली चिंच पडली तवा आभाळ काळं झालं होतं वाघळांनं. पोटाशी पिल्लं घेऊन उडाली. दिवसभर घिरट्या घातल्या, मंग इकडं, डोंगराच्या अंगानं गेली. मी पाहात उभा होतो. कधी मनातच आलं नाई, का थे हीच." त्याच्या हातातला दोर सुटला. "मंग मीच आणली म्हणा. माह्याच पोरासाठी."

हलगीवाल्याची शेकोटी तडतडत होती. ज्याची देवीदासला भीती होती, तेच झाले होते.

पायरीवरून पार्बताबाई उठली. तिला कोणी अडवले नाही. ती चंद्रभानसमोर येऊन उभी राहिली.

"तुही अक्कल चराले गेली काय, चंद्रभान? आत्ता हे सरकी कोनं ठेवली? तूच ना? तुह्या बनात पिढ्यान्‌पिढ्या वाघळं होती, तवा त्या काठी कोन मेलं? कोनी नाई. मंग माह्या वडावर आली तर कशी आणतीन मरी?" तिचा आवाज प्रथमच हलला. "मले सोडून द्या म्हणून नाई म्हणून राहिली मी. तू मले शिवेपार घालाले निघाला होता, थे मी इसरणार नाई. पण वाघळांनं नाई नेलं महादूले. मी नाई नेलं, आन् तूही नाई नेलं. एवढं ऐक."

चंद्रभान ओट्यावर बसला आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच सगळ्यांसमोर रडला.

बंधुभगिनींनो, दुःखाचे कारण शोधणे हा माणसाचा स्वभाव आहे, त्यात काही वाईट नाही. वाईट सवय पुढची आहे. कारण सापडले नाही की आपण माणूस शोधतो, आणि तो नेहमी असाच शोधतो की ज्याच्या मागे कोणी उभे नाही! दोन गोष्टी पाठोपाठ आल्या म्हणजे एकीने दुसरीला आणले, असे होत नाही. आपल्या गावाच्या शिवेबाहेर डोकावून पाहावे लागते, दुसरीकडे काय घडले ते विचारावे लागते, आणि उत्तर मिळाले नाही तर 'ठाऊक नाही' असे म्हणण्याचे धैर्य ठेवावे लागते. त्या दोन शब्दांच्या अभावी आजवर किती निरपराध माणसे शिवेपार गेली असतील!

खुशालराव नकाशाजवळ आले होते. ते वाकून सरक्या पाहत होते. एक सरकी, पुढची, त्यापुढची. त्यांचे बोट हिवरखेडकडून येणाऱ्या गाडीरस्त्यावरून हळूहळू सरकत गेले, कारण बहुतेक सरक्या त्या रस्त्याच्या आणि त्याला लागलेल्या नाल्यांच्या आसपासच पडल्या होत्या. त्यांनी देवीदासकडे पाहिले.

"माणसांसंगं चालून राहिली काय हे?" त्यांनी विचारले.

"ठाऊक नाही, मामाजी. पण तसं असेल, तर गाडा घेऊन शेजारी जाणारी माणसं काय घेऊन जातील, याचा विचार करायला हवा."

शिवेच्या बाजूने शेजारच्या गावाची आरोळी ऐकू आली. गाडा येतो की नाही, ते विचारत होते. साऱ्या गावाने पाटलांकडे पाहिले. कोणी तोंडातल्या तोंडात 'पाहू' म्हणाले.

"दादा," ओट्यावरून चंद्रभान म्हणाला. त्याने डोळे पुसले नव्हते. "माह्याकडं पाहू नको. आता बोल."

खुशालरावांनी डोक्यावरचा फेटा सारखा केला. बोलले ते मोठ्याने, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असे.

"पार्बताबाई गाड्यामागं जाणार नाई. थे आपल्या मळ्यात राहीन. आन् हा गाडा आपल्या शिवेच्या आतच थांबन, मरी कोनाच्याही दारात ढकलाची नाई."